तेवीस बाणांची सायकल

जुनी सायकल ऑनलाइन विकायला फारशी अक्कल लागत नाही. एक फोटो, चार ओळी, एक फोन नंबर, संपलं. पण तेवढीही अक्कल जगात किती जणांकडे नाही, हे मी गेली दोन वर्षं ऑफिसात रोज जेवणाच्या सुट्टीत पुराव्यानिशी सिद्ध करत होतो. पुरावे मोबाइलमध्ये साठवलेले होते. एकूण एकशे चाळीस!

हा अधिकार मला कोणी दिला, असं विचाराल तर सांगतो. तुम्ही मिक्सर घेता, इस्त्री घेता, तेव्हा खोक्यातून एक पुस्तिका निघते. ती तुम्ही न वाचता ड्रॉवरमध्ये टाकता. ती मी लिहितो. ‘आकृती ३ पाहा’, ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करा’, ‘यंत्र पाण्यात बुडवू नये’, हे सगळं माझं साहित्य. सोळा वर्षं लिहितोय. माझी पुस्तिका वाचून आजवर एकाही माणसाला शॉक बसलेला नाही. वाचली किती जणांनी, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो फक्त माझी बायको विचारते.

तर अशा माणसासमोर लोक काय टाकतात बघा. एकाने सायकलचा फोटो काढला, त्यात अर्धी सीट आणि पूर्ण अंगठा. अंगठा इतका स्वच्छ, की त्याच्या जोरावर कुठल्याही कागदावर व्यवहार झाला असता. दुसऱ्याने लिहिलं, ‘फक्त एकदा वापरली’. टायर बघितले तर हाताच्या तळव्यासारखे गुळगुळीत. एकदाच वापरली असेल, पण घरी परत यायला नऊ वर्षं लागली असावीत. तिसऱ्याचे ‘ब्रेक एकदम नवे, अजून लावलेले नाहीत’. चौथ्याने कपाटाच्या आरशात बघून फोटो काढला. सायकल कोपऱ्यात, मध्यभागी हा स्वतः बनियनवर. एकाचा फोटो उलटा आणि खाली सूचना, ‘फोन फिरवून बघणे’. आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे नुसत्या भिंतीचा फोटो. खाली ओळ: ‘इथे होती. गेली. तरी कोणाला हवी असल्यास कळवा.’

मी वाचून दाखवायचो आणि आमचा चित्रकार हसता हसता घास अडकून खोकायचा. चित्रकार म्हणजे पुस्तिकेतल्या आकृत्या काढणारा माझा जोडीदार. मी म्हणतो ‘बटण दाबा’, तो बटण काढतो आणि त्याच्याकडे एक बाण दाखवतो. एवढ्यावर आम्हा दोघांचे संसार चालतात.

‘साहेब, तुम्ही जाहिरात केलीत ना, तर लोक फ्रेम करून लावतील,’ तो म्हणायचा. मलाही तसंच वाटायचं. संधी तेवढी मिळत नव्हती.

ती एका सोमवारी मिळाली. माझी बायको घरी पडदे शिवते. इतकी वर्षं ती जमिनीवर कापड पसरून, गुडघ्यांवर रांगत कापायची. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर जमिनीवर बसणं ठेवा नाहीतर गुडघे ठेवा. त्यात तिला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. एका दातांच्या दवाखान्याचे पडदे, अकरा खिडक्या, तीन आठवड्यांची मुदत. म्हणून तिने सुताराकडून आठ फुटी कापणीचं टेबल करून घेतलं. ते शनिवारी येणार होतं. आणि आठ फूट रिकामी होईल अशी भिंत आमच्या घरात एकच, बाहेरच्या खोलीतली. तिथे माझी सायकल उभी.

ही सायकल मी चार वर्षांपूर्वी तब्येतीसाठी घेतली. एकोणीस दिवस चालवली. विसाव्या दिवशी तिच्या हँडलवर कोणीतरी ओला टॉवेल टाकला आणि तेव्हापासून ती कपडे वाळवण्याच्या कामावर रुजू झाली.

‘अहो, शनिवारी टेबल येतंय,’ बायको म्हणाली.

‘येऊ दे की.’

‘कुठे येऊ दे? सुतार म्हणाला, दहा वाजता टेम्पो दारात येईल. जागा नसेल तर तसाच पुढे जाईल, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. मग आपलं टेबल दोन महिन्यांनी. तोवर दवाखान्याने काय खिडक्यांना वर्तमानपत्रं लावायची? मी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकते.’

‘भंगारवाल्याला?’ मला ते फार लागलं. ‘अगं, तू कोणाशी बोलतेयस? मी जाहिरात देतो. बुधवारी जिन्यात रांग लागली नाही तर नाव बदलीन. तू फक्त रांगेतल्या लोकांना पाणी विचार.’

‘रांग लागो न लागो, मला शनिवारी दहाला भिंत रिकामी हवी,’ ती म्हणाली आणि टेपने भिंत पुन्हा एकदा मोजली. तिचा माझ्या शब्दांपेक्षा टेपवर जास्त भरवसा आहे.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चित्रकाराला घरी आणलं. बायको खिडक्यांची मापं घ्यायला दवाखान्यात गेली होती, हे उत्तमच झालं, कारण कलेच्या वेळी घरात मापं घेणारं माणूस नको. आधी आम्ही सायकल धुतली. मग दात घासायच्या ब्रशने तारा घासल्या. मग चेनला इतकं तेल पाजलं, की ती नुसती बघूनच फिरेल असं वाटावं. प्रश्न आला पार्श्वभूमीचा. मागे टीव्ही, फ्रिजचा कोपरा, कॅलेंडर, असलं काही दिसता कामा नये. नाहीतर माझ्यात आणि त्या बनियनवाल्यात फरक काय?

‘हे कापड कसं आहे?’ चित्रकाराने सोफ्यावरचा तागा उचलला. सायीच्या रंगाचं, जड, सुरेख पडणारं कापड. दवाखान्याचं होतं, पण फोटोपुरतं घ्यायला काय हरकत? आम्ही आठ मीटर उलगडून भिंतीला चिकटवलं, उरलेलं जमिनीवर सोडलं आणि त्यावर सायकल उभी केली. काय सांगू तुम्हांला! सायकल नवरीसारखी दिसत होती. मी बावन्न फोटो काढले. मग आम्ही कापडाची जशीच्या तशी घडी घातली आणि तागा जागेवर ठेवला.

त्यानंतर चित्रकाराने निवडलेल्या फोटोवर खास हाताने बाण काढले. हँडल, क्रमांक एक. घंटा, क्रमांक दोन. असे तेवीस. आता आमच्या धंद्यात बाण म्हणजे माहिती. बाण दिसला की आम्हांला धीर येतो. बाकीच्या जगाला बाण दिसला की तिथे काहीतरी मोडलंय असं वाटतं, हे सोळा वर्षांत आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं.

मजकूर मी एकटाकी लिहिला. परिचय, प्रमुख भाग, वापरण्यापूर्वी, वापरताना, स्वच्छता व निगा, आणि शेवटी अर्थातच धोके व खबरदारी. ‘फिरत्या चाकात बोट घालू नये.’ ‘सायकल पाण्यात बुडवू नये.’ ‘सुटे भाग लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.’ चार पानं भरली. बायकोला वाचून दाखवली.

‘विकायची आहे की घाबरवायचंय?’ तिने विचारलं.

सामान्य वाचकाची प्रतिक्रिया म्हणून मी ती मनावर घेतली नाही.

बुधवारी सकाळी नऊला पहिला फोन आला. मी बायकोकडे विजयी नजर टाकून उचलला.

‘ती सायकल विजेवर चालते का हो?’

‘नाही, पायाने.’

‘मग पाण्यात बुडवू नये असं का लिहिलंय?’

‘खबरदारी म्हणून.’

‘कोण बुडवतं सायकल?’ पलीकडच्याने काळजीने विचारलं. ‘आधी बुडवली होती का तुम्ही?’

दुसरा फोन एका सायकल दुरुस्त करणाऱ्याचा. ‘तेवीस ठिकाणी बिघाड आहे म्हणता, तर मग किलोवर देता का?’ मी त्याला समजावलं, की क्रमांक दोनचा बाण घंटेकडे आहे आणि घंटा सुस्थितीत आहे. ‘मग बाण कशाला दाखवलात?’ तो म्हणाला. ‘चांगल्या दाताला कोणी बोट लावून दाखवतं का?’

तिसरा गृहस्थ सरळ अंगावरच आला. ‘फोटो कुठल्या दुकानाचा उचललात?’

‘माझ्या घरातला आहे.’

‘घर कुठे दिसतंय त्यात? चप्पल नाही, बादली नाही, कोणाचा पाय नाही. घरात फोटो काढला की काहीतरी मध्ये येतंच हो.’

‘ते मी मुद्दाम बाजूला केलंय.’

‘म्हणजे लपवलंतच ना,’ तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दिवसभरात असे सतरा फोन. जिन्यात रांग तर सोडाच, मांजरही फिरकलं नाही. रात्री जेवताना बायकोने रांगेसाठी भरून ठेवलेला पाण्याचा जग उचलून आत नेऊन ठेवला.

गुरुवारी मात्र एक गृहस्थ खरोखर आले! सेवानिवृत्त तपासनीस. कशाचे ते सांगितलं नाही, पण बघताक्षणी कळावं इतके तपासनीस. माझी जाहिरात छापून आणलेली, हातात लाल पेन्सिल आणि भिंग. मला भरून आलं. सोळा वर्षांत माझं लिखाण कोणी पेन्सिल घेऊन वाचलेलं नव्हतं.

‘क्रमांक एक, हँडल,’ ते म्हणाले. हँडल पाहिलं, खूण केली. ‘क्रमांक दोन, घंटा.’ वाजवली, खूण केली. दीड तासाने आम्ही चौदावर आलो. चौदावर मी लिहिलं होतं, मागच्या चाकाला छत्तीस तारा. त्यांनी मोजल्या, पस्तीस भरल्या. मी मोजल्या, सदतीस. बायको आतून पाणी घेऊन आली, तिने न विचारताच मोजल्या आणि ‘छत्तीस’ म्हणून निघून गेली. संध्याकाळी सात वाजता तेवीसच्या पुढे खूण झाली. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि माझा हात हातात घेतला.

‘निर्दोष जाहिरात आहे. एवढं नेमकं हल्ली कोणी लिहीत नाही.’

‘मग आत्ताच नेता, की उद्या?’

‘काय नेऊ?’

‘सायकल.’

‘छे हो, मला कुठे सायकल येते,’ ते म्हणाले. ‘मी फक्त बरोबर आहे का ते बघायला आलो होतो.’

जाताना ते जाहिरात मात्र बरोबर घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी मोबाइल उघडला तर जाहिरात गायब. तिच्या जागी दोन ओळी: ‘सदर जाहिरात बनावट असल्याची तक्रार अकरा जणांनी केल्यामुळे ती काढून टाकण्यात आली आहे. आपले खाते पंधरा दिवस बंद राहील.’ ज्या संकेतस्थळावर भिंतीचा फोटो आठ महिने सुखाने नांदतो, त्याला माझी सायकल खोटी वाटली! मी ते तीनदा वाचलं. टेबल यायला चोवीस तास उरले होते.

‘साहेब, चूक माझ्या लक्षात आली,’ चित्रकार म्हणाला. ‘आपली जाहिरात फार चांगली झाली. लोकांना वाईट जाहिरातीची सवय आहे. आपण वाईट करू.’

‘जमेल?’

‘आपल्याला काय अवघड आहे?’

अवघड होतं. दुपारी आम्ही पुन्हा घरी आलो आणि पसारा मांडायला बसलो. चप्पल टाकली, पण ती इतकी समोरासमोर पडली की दुकानातली वाटावी. पुन्हा टाकली. बादली फोटोत नेमकी एक तृतीयांश दिसावी असा चित्रकाराचा आग्रह. टॉवेल हँडलवर अगदी सहज टाकल्यासारखा दिसावा म्हणून मी त्याच्या चुण्या तीनदा बदलल्या, शेवटी एक चुणी इस्त्रीने मोडली. अंगठा कॅमेऱ्यासमोर किती आणायचा यावर आमचं भांडण झालं. पाऊण तासाने जे तयार झालं, तो चुकीचा फोटो कसा काढावा याच्या पुस्तिकेतली आकृती होती. आणि ते टाकणार कुठून? माझं खातं बंद. बायकोच्या मोबाइलवरून टाकावं म्हणून मी तिला हाक मारायला वळलो.

ती सोफ्याजवळ उभी होती. दवाखान्याचं कापड तिने उलगडलं होतं आणि त्यावर, काठापासून चार बोटांवर, चेनच्या तेलाचा हातभर काळा पट्टा उमटला होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू, आणि पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. चित्रकार बादलीकडे बघत होता. मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं वाटत होतं.

‘फोटोसाठी?’ तिने विचारलं.

‘पार्श्वभूमी म्हणून,’ मी म्हणालो. तो शब्द इतका हलकट मला आधी कधी वाटला नव्हता.

‘पाच दिवस,’ ती म्हणाली. ‘पाच दिवस मी गप्प बसले, कारण तुम्हांला वाटत होतं तुम्हांला हे जमतं. मला टेबल हवंय हो. सायकल कशी दिसते याच्याशी मला काही देणंघेणं नाही.’

मग तिने मोबाइल काढला आणि बसल्या जागेवरून, एका हाताने, सायकलकडे नीट न बघता बटण दाबलं. मी डोकावून पाहिलं. फोटो तिरका. वरच्या कोपऱ्यात तिचं बोट. मागे अर्धा चित्रकार. पुढचं चाक फोटोत नव्हतंच.

‘अगं, पुढचं चाक?’

‘असतंच सायकलला,’ ती म्हणाली आणि टाइप करायला लागली. ‘सायकल आहे. चालते. घरात जागा नाही. उद्या सकाळी दहाच्या आत न्या.’

तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि डागावर पावडर टाकायला उठली. ती उठून उभी राहते न राहते तोच पहिला फोन. कापडावर पावडर पडेपर्यंत चौथा. अर्ध्या तासात चौदा! आणि सगळे एकच विचारत होते, ‘ताई, कधी येऊ?’ विजेचं कोणी विचारलं नाही, बुडवल्याचा संशय कोणी घेतला नाही. चाकाची चौकशीसुद्धा कोणी केली नाही.

संध्याकाळी सहाला एक नर्स आली. तिची ड्यूटी पहाटे सहाला सुरू होते आणि त्या वेळेला बस नसते, म्हणून रोज पाऊण तास चालत जात होती. तिने अंगठ्याने टायर दाबले, ब्रेक ओढून पाहिले, घंटा वाजवली आणि पैसे काढले. मी घड्याळ पाहिलं, तीन मिनिटं.

‘काही विचारायचं नाही का?’ मी न राहवून म्हणालो.

‘काय विचारू? चालते असं लिहिलंय की.’ मग ती बायकोकडे वळली. ‘खरं सांगू का ताई, तुमचा फोटो बघितला आणि कळलं, या बाईला लोकांना फसवायला वेळ नाही.’

‘खरंय,’ बायको म्हणाली.

‘नाहीतर एकेक जाहिराती असतात. परवा एक बघितली होती, सायकल हुबेहूब अशीच, याच रंगाची. पण तिला तेवीस बाण! आणि खाली काय, तर चाकात बोट घालू नये. आमच्या वॉर्डात सगळ्यांना दाखवली मी. जेवताना हसून हसून पुरेवाट झाली. एक पेशंट म्हणाले, टाके उसवतील, बंद करा.’

‘असतात हो अशी माणसं,’ बायको अगदी शांतपणे म्हणाली आणि तोंड कापडाकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते.

‘पण त्या जाहिरातीतली सायकल चांगली होती ना?’ मी विचारलं.

‘कसली चांगली. बघूनच कळत होतं, काहीतरी गडबड आहे,’ नर्स म्हणाली. ‘ही कितीतरी बरी.’

सायकल दोन जिने मीच खाली उचलून नेली.

शनिवारी दहाला टेबल आलं आणि भिंतीला नेमकं बसलं. डाग पावडरीने फिका झाला, मग बायकोने तो भाग बेताने खालच्या दुमडीत घेतला. दवाखान्याच्या अकराव्या खिडकीत तो असेल, पण पडदा उलटा करून बघणारे गृहस्थ सायकलच्या जाहिराती तपासत हिंडताहेत, त्यामुळे भीती नाही. उभ्याने कापड कापताना बायको पहिल्यांदाच गुणगुणत होती. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटण्यात आपला काही वाटा नाही हेही कळत होतं.

आज रविवार. मघाशी ती टेबलावर टेकून म्हणाली, ‘आता जागा झालीय, तर अजून कामं घेता येतील. पडद्यांची जाहिरात टाकते.’

मी घसा साफ केला, चष्मा लावला आणि पेन घेऊन तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

‘तुम्ही जरा बाहेर जाऊन या,’ ती म्हणाली.

‘किती वेळ?’

‘जाहिरात टाकून होईपर्यंत.’

‘अगं, दोन मिनिटांचं काम आहे.’

‘तुम्ही घरात नसलात तर,’ ती म्हणाली आणि माझ्या पाठीमागे दार लावून घेतलं.

हे मी जिन्यात बसून लिहितोय. एक तास होऊन गेलाय. आतून एकसारखा फोन वाजतोय, म्हणजे जाहिरात केव्हाच लागलेली आहे. दार मात्र अजून उघडलेलं नाही.